मेणबत्तीआडचा हात

विसर्जन मिरवणुकीत लेझरचे झोत असावेत की नाही, हा वाद गेली काही वर्षे मी पॅरिसमधून वाचतो आहे. एका बाजूला डोळ्यांच्या पडद्याला झालेल्या इजांच्या बातम्या आणि मनाई आदेश, तर दुसऱ्या बाजूला ‘आमच्याच सणाला नियम का’ हा ठरलेला सवाल. त्या उजेडात मूर्ती दिसते का, असे विचारणारे मात्र कोणी आढळत नाही.

मला तो प्रश्न सुचला इथल्या लूव्र संग्रहालयात, फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर यांनी १६४२च्या सुमारास रंगवलेल्या ‘सुतार संत जोसेफ’ या चित्रासमोर. वाकलेला म्हातारा जोसेफ गिरमिटाने लाकडाला भोक पाडतो आहे आणि समोरचा लहानगा येशू त्याला मेणबत्ती धरतो आहे, एवढाच प्रसंग. प्रभावळ नाही, देवदूत नाहीत, दुसरा दिवाही नाही. मुलाने ज्योतीला हाताचा आडोसा केला आहे आणि त्या बोटांमधून उजेड आरपार झिरपतो. येशू हा जगाचा प्रकाश, हे बायबलमधले वचन ज्याला ठाऊक आहे, त्याला चित्रात मुलाचाच चेहरा सर्वांत उजळ का, हे सांगावे लागत नाही. जोसेफच्या पायाखालच्या तुळईत त्याला पुढचा क्रूसही दिसतो. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, तोही बापाच्या कामाला दिवा धरणारे पोर ओळखतो. (लोडशेडिंगमध्ये मीही वडिलांपुढे असाच कंदील धरून उभा राहत असे आणि हात हलला की बोलणी खात असे.) युरोपातल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त, १६३८ साली, ला तूर यांचे ल्युनेव्हिल गाव जळाले होते, त्यानंतरचा हा उजेड इतका राखून वापरलेला आहे.

यावरून युरोपला संयमाचे प्रशस्तिपत्र देण्याचा माझा विचार नाही. याच शतकात रोममध्ये शिल्पकार बर्निनी यांनी संत तेरेसाच्या मूर्तीमागे सोनेरी किरणांचा वर्षाव उभा केला. शिवाय लूव्रमध्ये या चित्रापुढे हात जोडणारा कोणी मला दिसला नाही. मिरवणुकीतली गर्दी निदान गणपतीसाठी आलेली असते.

लेझरबंदी मला मान्यच आहे, पण ती डोळे वाचवण्यापुरती आहे. उद्या मंडळांनी त्या जागी तितकेच प्रखर एलईडी लावले, तर आदेश पाळला जाईल आणि मूर्तीचा चेहरा तरीही सपाट, पांढराफटक दिसेल. रोषणाईचे कंत्राट देण्याआधी एकदा मंडपातले सगळे दिवे मालवून मूर्तीपुढे फक्त समई लावून पाहावी.