खानदेशी नाश्ता म्हणजे नुसता ठसका नव्हे

हायवेवरच्या कुठल्याही ढाब्याची पाटी वाचा. 'खानदेशी'च्या आधी 'झणझणीत' लिहिलेलं असतंच. बाहेरगावचे पाहुणे आले की आपणही तेच करतो. शेवभाजीचा लालभडक रस्सा पुढे ठेवायचा आणि पाहुण्याला ठसका लागला की खूश व्हायचं. तिखट आपलंच आहे, ते कोण नाकारतंय? नंदुरबारचं मिरची मार्केट आपल्याच मुलखातलं. पण आपल्याकडे तेवढंच आहे, असा जो समज पसरलाय तो मला मनापासून खटकतो. जुन्या जळगावात फुनके-कढीचा, म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके आणि कढी असा नाश्ता केल्यापासून तर जास्तच.

मी जळगावातच, महाबळला राहते. आमच्या बाजूला सकाळी इडली, डोसा, सँडविच, सगळं मिळतं आणि चांगलंही मिळतं. रविवारी मात्र मैत्रिणीने पत्ता दिला म्हणून गाडी काढली. काव्यरत्नावली चौक, आकाशवाणी चौक, मग टॉवर चौक मागे टाकून थेट रथ चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये. कार्तिकी एकादशीला रथ पाहायला आपण सगळेच तिकडे गर्दी करतो. सकाळी सात वाजता नाश्त्याला कोण जातं? मी तरी आधी कधी गेले नव्हते.

एका घराचा पुढचा भाग, दोन बाक, बाहेर ओटा. रोज पोहे असतात, रविवारी फुनके. चालवणाऱ्या मावशी आणि त्यांची सून, एवढीच माणसं. नाव-पत्ता लिहीत नाही, कारण मावशींनीच तसं सांगितलंय. त्यांना फोटो नकोत आणि एकदम गर्दीही नको.

आता फुनक्यांबद्दल, कारण नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी ते फक्त आजीच्या तोंडून ऐकलेत. रात्री भिजवलेली तुरीची डाळ सकाळी भरडच वाटायची. ती गंधासारखी बारीक झाली की काम बिघडलं. त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, भरपूर कोथिंबीर आणि कांद्याची पात. मग मुठीत दाबून मुटके करायचे आणि वाफवायचे. मावशी करताना मी शेजारीच उभी होते. प्रत्येक फुनक्यावर त्यांच्या चार बोटांचे वळ उमटत होते आणि वाफवल्यावरही ते तसेच राहिले. झाकण काढलं तेव्हा आधी पातीचा वास आला, मग लसणाचा. ताटलीत फुनका हाताने फोडायचा, त्यावर शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची धार आणि वरून गरम कढी. कढी पातळ, आंबटसर, कढीपत्त्याची. मिरची त्यात आहे, पण ती मागे उभी असते. पुढे असते ती डाळ.

माझ्या बाजूला एक आजोबा बसले होते. त्यांना दात नाहीत. फुनका कढीत पूर्ण भिजू देऊन ते सावकाश खात होते. त्यांच्या पलीकडे क्लासला निघालेली दोन मुलं, पाठीवर दप्तरं तशीच. मी वाटीकडे बघत बसलेय हे पाहून मावशी म्हणाल्या, "गरम हाये तोवर खाऊन घ्या, ताई."

तिथे बसल्यावर मला एक गोष्ट पटली. ढाब्यावरचा माणूस एकदा येतो. त्याला लक्षात राहील असं काहीतरी द्यावं लागतं आणि त्याला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मिरची. गल्लीतल्या नाश्त्याचं तसं नाही. तेच आजोबा पुन्हा येणार, तीच मुलं पुन्हा येणार. त्यांच्या पोटाला रोज झेपेल असंच करावं लागतं. म्हणून आपली खरी चव बघायची असेल तर ती गल्लीत बघावी, हायवेवर नव्हे.

आणि आपण डाळीच्या गावची माणसं आहोत हो! इथल्या डाळमिलांमधून देशभर डाळ जाते. त्या गावात सकाळच्या नाश्त्याला डाळीचा पदार्थ शोधत फिरावं लागतं, याचं मला वाईट वाटतं. कळण्याच्या पुऱ्यांचंही तेच. ज्वारीत अख्खे उडीद घालून दळलेलं ते पीठ, त्याला स्वतःचीच एक खमंग चव असते. वांग्याच्या भरताला तर कुठलाच मसाला लागत नाही. भाजल्याचा धूर, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, बस. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय तिखटासाठी? वांग्याच्या गरासाठीच ना!

शिवाय खानदेशाची चव एकच आहे असंही नाही. १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. पण चुलीवरचे फरक या सगळ्यापेक्षा जुने आहेत. यावल-रावेरकडचं ताट वेगळं, शिरपूर-शहाद्याकडचं वेगळं. सगळ्यांना मिळून 'झणझणीत' म्हणणं म्हणजे त्यातल्या एकालाही नीट न चाखणं.

हॉटेलवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. काळा मसाला, शेवभाजी सगळं ठेवा, मीही आवडीने खाते. पण मेन्यूत आठवड्यातून एक दिवस तरी फुनके-कढी येऊ द्या. चालणार नाही असं आधीच ठरवू नका. त्या रविवारी साडेआठला मावशींचं पातेलं रिकामं होतं आणि उशिरा आलेल्यांना पोह्यांवर भागवावं लागलं. पोहेही छानच होते, शेवट-शेवटचा घाणा असून मोकळे आणि गरम.

अशा ठिकाणी जाणार असाल तर लवकर जा, शक्यतो तिथेच बसून खा. घरी न्यायचं असेल तर स्वतःचा डबा न्या, कारण प्लास्टिकच्या पिशवीत कढीची चव मरते. आणि पहिला घास घ्यायच्या आधी वरून तिखट मागू नका.

तुमच्या पेठेत, तुमच्या गावात सकाळी असं घरचं काही मिळत असेल तर कमेंटमध्ये नक्की लिहा. चोपडा, अमळनेर, पारोळ्याकडच्या मंडळींनी तर लिहाच. पुढच्या सुट्टीला मी तिकडे यायला तयार आहे.