काका, बोट!

गेल्या शनिवारी सकाळी सव्वाआठ वाजता एका नऊ वर्षांच्या मुलाने अख्ख्या हॉलसमोर मला ओरडून सांगितलं, “काका, बोट!”

मी खिडकीकडे पाहिलं. मुलुंडला बोट कुठली, हे नंतर सुचलं. तोवर कोचनी धावत येऊन माझी तर्जनी चापावरून उचलली होती आणि पिस्तुलाच्या अंगाला सरळ चिकटवली होती. झाडायची वेळ येईपर्यंत चापावर बोट ठेवायचं नाही, हा या विद्येतला श्रीगणेशा. तो मला चौपन्नाव्या वर्षी चौथीतल्या मुलाने शिकवला. शिकवून पडलेल्या दाताच्या फटीतून हसला, ते वेगळंच.

मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. आमच्या अण्णांची झवेरी बाजारात दागिने घडवायची छोटीशी पेढी होती. नव्वदच्या दशकात सराफांना खंडणीचे फोन यायचे. अण्णांना एकही आला नाही, आणि त्याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं, पण रिव्हॉल्व्हर मात्र घेतलं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, ०.३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं. त्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही. दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. २०२४ साली आधी लोकसभेची आणि मग विधानसभेची निवडणूक, दोन्ही वेळा जमा करायचं म्हणून पोलीस ठाण्यात मुक्काम. एरवी कपाटाच्या चोरकप्प्यात, आईच्या पैठणीखाली. आमच्या हिच्या मते पुरणयंत्राचा वापर याहून जास्त आहे.

सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच वारसाच्या नावे शस्त्र करता येतं, हे अण्णांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी लगेच वाटणी केली. धाकट्याला गिरगावातला ब्लॉक. मला रिव्हॉल्व्हर.

यावर मला काही बोलायचं नाही.

परवाना नावावर होईपर्यंत माझी जेवढी चौकशी झाली तेवढी माझ्या सासऱ्यांनीही केली नव्हती. हवालदार समोरच्या काकूंना विचारून गेले, तर काकू म्हणाल्या, “नाही हो, गरीब आहेत अगदी. भाजीवालासुद्धा फसवतो त्यांना.” २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जाला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, नमुना एस-१. ते मला एका दिवसात मिळालं. सकाळभर पडद्यावर शस्त्र कायदा, १९५९. मग वडापाव. मग पाच गोळ्या, त्यातल्या दोन मी डोळे मिटून झाडल्या. वरातीत हवेत गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मला तोंडपाठ झालं. पण घरी आल्यावर गोळ्या भरायची चक्री उघडायची कशी, ते काही आठवेना. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, “मी कशाला उघडू? आत काय ठेवलंय?”

गाडी शिकायची असेल तर या शहरात नाक्यानाक्यावर मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. लाल ‘एल’ची पाटी, मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक, आणि शेवटी लायसन हातात. बंदुकीचं लायसन द्यायला सरकारने माझे दात सोडून सगळं तपासलं, पण ती कुणाच्या दिशेने धरायची हे मला नीट येतं का, ते एका वडापावावर सोडून दिलं. हा विनोद म्हणून मी चारचौघांत सांगतो खरा, पण रात्री कपाटाकडे बघताना हसू येत नाही.

मग फोन सुरू केले. फोर्टातला बंदूकवाला म्हणाला, “साहेब, आम्ही विकतो. शिकवत नाही.” एका क्लबात आधी सभासद व्हायला हवं होतं, सभासद व्हायला दोन सभासदांच्या सह्या हव्या होत्या, आणि दोन सभासद ओळखीचे व्हायला बहुधा आधी सभासद असावं लागतं. तिसरीकडे मुलीने गोड आवाजात विचारलं, “वय?”

“चौपन्न.”

“नाही, शूटरचं.”

या तिसऱ्या ठिकाणी, शाळेमागच्या एका हॉलमध्ये, ‘बिगिनर पिस्तूल कोर्स’ होता. शनिवार-रविवार, सकाळी आठ. फॉर्म भरताना गाडं ‘पालकाचे नाव’ या चौकटीत अडलं. मी ‘लागू नाही’ लिहिलं, पण मुलगी म्हणाली, “सर, पालक टाकल्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही.” मी म्हटलं, बायकोचं टाका. तिने यादी दाखवली, आई किंवा वडील. “वडील आहेत का?” म्हटलं, आहेत. “मग पहिल्या दिवशी घेऊन या, सही समोर लागते.”

तर गेल्या शनिवारी मी एकोणऐंशी वर्षांच्या अण्णांना रिक्षात घालून माझ्या शाळेत पोचवलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माझ्या खऱ्या शाळेत ते एकदाही आले नव्हते.

पालकांसाठी बाक होता. त्यावर सात आया आणि मध्यभागी एक बाई, मांडीवर थालीपिठाचा डबा आणि प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल. त्यांनी आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आम्हा दोघांच्या मागे आणि शेवटी दाराबाहेर.

“आजोबा आले, बाबा आले,” त्या म्हणाल्या. “मूल कुठंय?”

“मूल नाही. मीच आहे.”

“हो, तुम्ही आहातच. पण लेनवर कोण उभं राहणार?”

“मी.”

बाईंनी डबा बंद केला. तो बंद केल्याचा ‘टक्’ मला अजून ऐकू येतो. “काका, ही अंडर-ट्वेल्व्हची बॅच आहे.”

“इथेच जागा होती.”

“पण तुम्हाला ग्रेस मार्क कोण देणार?” त्यांना खरोखर काळजी वाटली. माझी दहावी १९८७ सालीच होऊन गेली, असं सांगावं लागलं. मग त्यांनी सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचं काढलं, आणि माझं वय मोजून स्वतःच रद्द केलं. “स्वप्नील कुसाळेचं पाहिलंत ना? पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ, पन्नास मीटर रायफलीत. सेंट्रल रेल्वेत टीसी होता. पण आमच्याला मी सांगून ठेवलंय, टीसी नाही, डायरेक्ट क्लास वन.” कुर्ल्याला ज्याने पास दाखवायला सांगितलं तो पन्नास मीटरवरून काय काय करू शकत असेल, या विचाराने मी थोडा गप्प झालो. पण बाई गप्प होण्यातल्या नव्हत्या.

“मग तुमचं गोल काय?”

“स्वसंरक्षण.”

“कुणापासून?”

हा प्रश्न मला पोलिसांनी विचारला नव्हता. अर्जात ‘वारसाहक्क’ लिहिलं की पुढचं कुणी विचारत नाही. मी खरोखर विचार केला. दागिने लॉकरमध्ये, लॉकर बँकेत. माझ्याकडून आजवर ज्यांनी काही नेलं ते सगळे रीतसर पावती देऊन गेले: बिल्डर, सोसायटी, हॉस्पिटल. आणि भाऊ. रिव्हॉल्व्हर घेऊन लोकलने निघालो तर कुर्ल्याच्या गर्दीत खिसा कापला जाईल. मग चोराकडे सहा गोळ्या आणि माझ्याकडे एक एफआयआर.

“तसं कुणापासूनच नाही,” मी म्हटलं. “वडिलांचं आहे. घरी.”

“घरी खरी आहे?” हे बाई जरा जास्तच मोठ्याने म्हणाल्या. सात आयांनी सात पर्सा जवळ ओढल्या. चौदा मुलं लेन सोडून माझ्याभोवती जमली. “काका, दाखवा ना!” “काका, किती माणसं मारली?” एक चिमुरडी म्हणाली, “माझ्या मामाकडे पण आहे, पण त्याचा मामा पोलीस आहे,” आणि या वंशावळीत पाच मिनिटं गेली. कोचनी शिट्टी मारली. बाईंनी मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, “राग मानू नका. आमच्या मिस्टरांनापण पन्नाशीत असंच झालं होतं. त्यांनी सायकल घेतली. बाल्कनीत आहे आता, कपडे वाळत घालतो त्यावर. तुमचं तसंही करता येणार नाही.”

मी राग मानला.

त्यानंतर ‘काका, बोट!’ झालं, ते वर सांगितलंच. आता नेमबाजीविषयी. दहा मीटरवर कार्ड, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल हवेचं, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. ते एकाच हाताने धरायचं, दुसरा हात खिशात. कोच म्हणाले, नजर पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवर ठेवा, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. माझ्या प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून साइट दिसायला मान वर करावी लागते, टार्गेट दिसायला खाली. मी कोंबडीसारखा वर-खाली करत राहिलो. चाप ओढायला नियमाने निदान पाचशे ग्रॅमचा जोर लागतो, म्हणजे दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी बोटाला लटकवल्यासारखं. अण्णांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता नुसता चाप ओढायचा तर त्याच्या कितीतरी पट जोर लागतो, तोही दोन्ही हातांनी धरून. म्हणजे मी तिथे जे शिकतोय त्याचा माझ्या कपाटातल्या वस्तूशी संबंध तेवढाच, जेवढा कॅरमचा क्रिकेटशी. कोचना हे विचारलं. ते म्हणाले, “सर, खरं सांगू? तुमच्यासाठी कोर्सच नाहीये. पण बेस पक्का होईल.” माणूस प्रामाणिक आहे. फी तिमाही आहे, परत मिळत नाही.

दहा छर्रे झाडले. माझ्या कार्डावर आठ भोकं, बेरीज एकतीस. शेजारच्या लेनवरचे गुरुजी (म्हणजे तेच, बोटवाले) स्वतःचं कार्ड घेऊन आले आणि दोन भोकांवर पेन्सिल ठेवून शांतपणे म्हणाले, “काका, यातली ही दोन तुमची.”

दोन्ही नऊवर होती. सबंध सकाळीतले माझे सर्वांत चांगले दोन नेम. मी कोचकडे बघितलं. “दुसऱ्याच्या कार्डावर गेलेला शॉट धरत नाहीत, सर. शून्य.” माझं चांगलं ते दुसऱ्याच्या नावावर जायची ही काही पहिली वेळ नव्हती, म्हणून मी वाद घातला नाही.

बाकावर परत आलो तर थालीपिठाचा डबा पुन्हा उघडला होता आणि अर्धं थालीपीठ अण्णांच्या हातात होतं. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. बाई नेमक्या डावीकडे बसल्या होत्या.

“आजोबा, हे असले हट्ट का पुरवता तुम्ही?”

“लहानपणापासून धांदरट,” अण्णा म्हणाले. “पतंगाचा मांजासुद्धा स्वतःच्याच पायात. धाकटा तसा नाही.”

“मग खरी वस्तू धाकट्याला का नाही दिलीत?”

“दिली ना,” अण्णा थालीपीठ मोडत म्हणाले. “गिरगावात आहे. तिसरा मजला, पूर्वाभिमुख.”

रिक्षात अण्णा खुशीत होते. पुढच्या शनिवारी आपण साडेसातलाच निघू, म्हणजे पंख्याखालची जागा मिळेल, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. माझा फोन वाजला. मला ‘लिटल शूटर्स पालक’ नावाच्या ग्रुपात घेतलं होतं. बाईंचा निरोप होता: पुढच्या शनिवारी खाऊची पाळी काकांची. मुलं चौदा, दोन जैन, एकाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, आजोबांसाठी मऊ काहीतरी.

ग्रुपातून बाहेर पडायच्या बटणावर बोट ठेवलं होतं. मग उचललं आणि नुसता अंगठा पाठवला.