स्मारकाला कमान नंतर बांधा, आधी त्यावरची अक्षरं वाचता येऊ द्या

आपल्याकडे गावातल्या स्मारकासाठी निधी आला की आधी पेव्हर ब्लॉक बसतात, मग स्टीलचं रेलिंग, मग कमान, कमानीवर निधी मंजूर करणाऱ्यांची नावं, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या मूळ दगडाला ऑइल पेंटचा अजून एक हात. लोक हे श्रद्धेनेच करतात, त्यात मला शंका नाही. पण कोरलेल्या खाचांत दरवर्षी रंग भरत गेला की अक्षर बुजतं, मग कुणीतरी वरून अंदाजाने ब्रशने गिरवतं, 'ज'चा 'ज्ञ' होतो, आकडा बदलतो, आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिला रुपया त्या अक्षरांवर आणि त्या कोरीवकामावर खर्च व्हावा.

वीरगळ घ्या, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. मारुतीच्या देवळामागे, पारावर, वेशीपाशी, कितीतरी गावांत आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, कधी शेजारी गायी कोरलेल्या, म्हणजे गावाची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना गेलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघाल्यात, त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील. बोरिवलीच्या एकसरमध्ये तर वीरगळांवर अख्खी आरमारी लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगांसकट. बहुतेक वीरगळांवर नाव नसतंच, त्या माणसाबद्दल जे काही उरलंय ते त्या कोरीवकामात आहे, आणि आपण त्याच्यावर शेंदूर थापतो, नाहीतर सिमेंटमध्ये भिंतीत चिणून टाकतो. सिमेंटमुळे आतला ओलावा कोंडतो आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. आणि रंग काढायचा म्हणून तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरणं तर त्याहून वाईट, रंगाबरोबर नक्षीपण जाते. हे काम पुरातत्त्व विभागाच्या जाणकाराला विचारल्याशिवाय करूच नये.

दुसरा प्रकार पहिल्या महायुद्धाच्या पाट्यांचा. इंग्रज सरकारने गावोगावी लावलेल्या, कधी चावडीच्या भिंतीत, कधी जुन्या शाळेच्या. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या लढाईत गेली, त्यातली इतकी कामी आली, बास. नावं नाहीत, फक्त आकडा! साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले. इराकमध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात पुण्याची सहावी डिव्हिजन अडकली होती, त्यात मराठा पलटणी होत्या, खायला अन्न उरलं नव्हतं, १९१६ च्या एप्रिलमध्ये शरणागती झाली आणि त्यानंतर कैदेत किती हाल झाले ते वाचवत नाही. आणि बसऱ्याला त्यांचं जे मोठं स्मारक आहे तिथेसुद्धा साध्या हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीप्रमाणे संख्याच कोरली, अधिकाऱ्यांची नावं मात्र आहेत. मला याचा आजही राग येतो.

'ते तर इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कशाला कौतुक' असं म्हणणारे भेटतात. अरे, घरात दुष्काळ, जमीन खडकाळ, पलटणीचा पगार हाच आधार, अशा घरांतून पोरं गेली. आणि त्याच सातारा जिल्ह्यात १९४२ च्या चळवळीत ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली, आणि त्यानंतर इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार उभं राहिलं. एकाच मातीतल्या माणसांत निवड कशाला करायची, दोघांचीही आठवण ठेवता येते की.

हुतात्मा स्मारकांवर निदान नावं आहेत. पण बऱ्याच ठिकाणी हॉलला कुलूप, आत मोडक्या खुर्च्या आणि मंडळाचं सामान. झेंडावंदनाला सगळा गाव जमतो, तेव्हा ती नावं मोठ्याने वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तरी कितीतरी गावांत भाषणं होतात आणि नावं राहून जातात.

करायचं काय तर रंगकामाचं एस्टिमेट काढायच्या आधी फोटो काढा. भर दुपारी नको, उन्ह तिरपं असताना, किंवा रात्री टॉर्च दगडाच्या एका बाजूने धरून, पुसट अक्षरंसुद्धा उठून दिसतात. जे वाचता येतं ते जसंच्या तसं वहीत उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका, आणि एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. महायुद्धात कामी आलेल्या शिपायांची नावं, त्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात, कितीतरी नोंदींत वडिलांचं नाव आणि गावसुद्धा दिलंय. फक्त गावाचं स्पेलिंग तेव्हाच्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं असतं आणि तालुका-जिल्हाही जुनाच, त्यामुळे एका स्पेलिंगने सापडलं नाही म्हणून सोडून देऊ नका, चार प्रकारे टाकून बघा, पलटणीचं नाव टाकून बघा, आणि सापडलेली यादी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, आडनावावरून घर कुठलं ते त्यांनाच कळतं.