बोलणारा रोबोट का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या माणसाला सोबतीला कोणतं खेळणं किंवा रोबोट द्यावा, यावरच्या आमच्या लेखाला तुमचे आक्षेप तीन आहेत. संशोधनाचा आधार असलेला पॅरो, म्हणजे सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा रोबोट, सोडून आम्ही बॅटरीवर चालणारं लोकरी मांजर आधी आणायला सांगितलं, बोलणारे रोबोट सरसकट नाकारले, आणि डिमेन्शिया झालेल्या माणसाला फसवायला शिकवलं.

पॅरोबद्दल आधी. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी घडवलेल्या या सीलच्या पिल्लाला अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांच्या नियामक संस्थेने २००९ साली वैद्यकीय उपकरण म्हणून परवानगी दिली, हे खरंच. पण २०१७ साली प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली मोठी चाचणी नीट पाहा. वृद्धांच्या देखभालीच्या २८ केंद्रांतले डिमेन्शिया झालेले ४१५ रहिवासी, तीन गट. एकाला चालू पॅरो, दुसऱ्याला तोच पॅरो पण बंद केलेला, तिसऱ्याला फक्त नेहमीची देखभाल. आठवड्यातून ३ वेळा १५ मिनिटं, असे १० आठवडे. चालू पॅरोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहत राहिले. चित्रीकरणातून मोजलेली अस्वस्थता नेहमीच्या देखभालीपेक्षा कमी दिसली, पण प्रश्नावलीने मोजली तेव्हा तिन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे बऱ्यापैकी काम नुसतं मऊ, हातात मावणारं काहीतरीही करू शकतं. म्हणून क्रम असा: आधी साधं मऊ खेळणं, मग बॅटरीचं मांजर किंवा कुत्रा, आणि त्याचा उपयोग दिसला तरच पॅरो. त्याचं वजन अडीच किलोच्या वर जातं. बारीक मांड्यांवर आणि सांधे धरलेल्या हातांना ते जाणवतं.

बोलणाऱ्या रोबोटला आमचा विरोध तत्त्वाचा नाही. डिमेन्शियात प्रश्न ऐकून उत्तर जुळवायला वेळ लागतो. यंत्र तेवढं थांबत नाही. गप्प बसलेलं पाहून प्रश्न पुन्हा विचारतं किंवा विषय बदलतं. मग माणूस गोंधळतो, आणि आपलंच काही चुकलं असं त्याला वाटतं. आवाज देऊन यंत्राला जागं करायचा ठरावीक शब्द लक्षात ठेवणं तर त्याहून अवघड. शिवाय असे बहुतेक रोबोट कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. २०१९ मध्ये जिबो या घरगुती बोलणाऱ्या रोबोटचे सर्व्हर बंद करायचं ठरलं, तेव्हा ती बातमी त्या रोबोटनेच मालकांना सांगितली. सोबतीची सवय लागलेल्या माणसाला हे कसं समजावणार? आजार अगदी सुरुवातीचा असेल, औषधाच्या वेळेची आठवण एवढंच हवं असेल आणि माणसाची भाषा यंत्राला नीट कळत असेल, तर जरूर विचार करा. मात्र कॅमेऱ्याचं चित्रण कुठे साठतं, हे घेण्याआधी विचारा.

फसवणुकीचा मुद्दा आम्हाला पटतो, पण अर्धाच. खेळणं जिवंत आहे असं आपण होऊन सांगू नये. "खरं आहे का?" असं विचारलं तर सरळ सांगावं: बॅटरीवर चालतं, हात फिरवला की आवाज करतं. अनेकांना हे ठाऊक असतं, तरी ते हात फिरवत राहतात. ते त्याला नावाने हाक मारू लागले तर खोडून काढायला जाऊ नका.

करून पाहायचं असेल तर संध्याकाळची घालमेल सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, खेळण्याचा आवाज बंद करून, ते मांडीवर न ठेवता समोरच्या टेबलावर ठेवा. आधी तुम्ही हात फिरवा, मग "जरा धराल का?" विचारा. १५ मिनिटं पुरेत. दोन आठवडे चारच गोष्टी लिहा: वेळ, आधीची अवस्था, नंतरची अवस्था, किती वेळ हात लावला. चेहरा फिरवला, ढकलून दिलं, तर थांबा. ज्यांना भास होतात त्यांना हलणारे डोळे घाबरवू शकतात, आणि श्रवणयंत्रातून मोटरची घरघर मोठी ऐकू येते. उलट बाजूही पाहा: पिल्लू उपाशी आहे या काळजीने माणूस स्वतःचं ताट त्याच्यापुढे सरकवू लागला, तर ते नजरेआड ठेवा.

एक गोष्ट खेळण्याच्याही आधीची. चिडचिड एक-दोन दिवसांत अचानक वाढली असेल, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं, नवीन औषध हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. रोबोट यातलं काहीच बरं करत नाही.

निगा साधी आहे. एक खेळणं एकाच माणसाला. लोकर पाण्यात बुडवायची नाही, ओलसर फडक्याने पुसायची. सेलच्या झाकणाचा स्क्रू दर वेळी घट्ट आहे ना, ते पाहा. सैल झाकणातून निघालेला सेल तोंडात जाऊ शकतो.