सीटखालचे सोळा वायसर

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. थोडक्यात असा: ‘स्पोर्ट्स कारची सीट फार खाली असते, शोरूमवाले उगाच घाबरवतात. सीटचे चार बोल्ट काढा, खाली वायसर भरा, सीट दोन इंच वर. बोल्ट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मध्ये पिवळी वायर आली तर काढून टाका, काही होत नाही. उंच बसलं की जास्त दिसतं, म्हणजे जास्त सुरक्षित.’ सोबत डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीचा व्हिडिओ.

माझं गॅरेज मेहकर तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या जवळ. इथं स्पोर्ट्स कार कुठून आली, असं कोणी विचारेल. पुण्यात नोकरी करणारे आमचे पोट्टे जुन्या दोन दारांच्या गाड्या घेतात आणि दिवाळीला गावी आणतात. त्यातलीच एक माझ्याकडे आली. मालक सव्वापाच फूट, मेसेज वाचून घरीच काम केलेला. वाटेत रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, त्यानं ब्रेक दाबला आणि सीट एक दात पुढे सरकली. “गाडी थांबली दादा, पण मी नाई थांबलो,” म्हणे.

सीट उघडली. दोन इंच म्हणजे प्रत्येक पायाखाली वायसरचा मनोरा लागतो, तेवढे काही त्याला जमले नव्हते. मागच्या पायांखाली सहा-सहा, पुढच्यांखाली दोन-दोन, असे सोळा. मागून सीट उचललेली, त्यामुळे पायाची पट्टी तिरकी टेकत होती. बोल्ट आवळला तशी पट्टी खाली ओढली गेली आणि सीट जिच्यावर पुढे-मागे सरकते ती रेल वाकली. त्यात एका बाजूचा एक वायसर सटकून अर्धा बाहेर आलेला. दोन्ही रेल समांतर नसल्या की सीट जागी अडकवणारा खटका एकाच बाजूला पूर्ण बसतो. बसल्यावर ‘टक्’ आवाज येतो, म्हणून माणूस निश्चिंत असतो.

वायसरची खरी गोम बैल बांधणाऱ्याला लगेच कळेल. खुंट्याला दोर जमिनीलगत बांधला तर खुंटा टिकतो; तोच हातभर वर बांधला तर बैल दोन हिसक्यांत खुंटा काढतो. सीटचा पाय फरशीला घट्ट टेकलेला असतो तेव्हा बोल्टचं काम फक्त दाबून धरण्याचं. मधे सुट्या चकत्यांची उतरंड आली की तोच बोल्ट खुंट्यासारखा वाकायला लागतो.

आणि जोर किती? संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 14 मध्ये कारच्या सीटबेल्टची जोडणी तपासताना खांद्याच्या पट्ट्यावर 13,500 न्यूटन आणि कमरेच्या पट्ट्यावर तेवढीच ओढ एकदम लावतात. दोन्हीची बेरीज साडेसत्तावीस क्विंटल. कापूस विकणाऱ्याला क्विंटल समजावून सांगायला नको. बेल्टचं बकल बहुतेक गाड्यांत सीटलाच असतं, म्हणजे यातला मोठा वाटा त्या बोल्टांवर येतो. बेल्टची जोडणी सीटवर असली तर त्या चाचणीत सीटच्या वजनाच्या वीसपट जोर वेगळा धरतात.

‘कुठलाही बोल्ट’ म्हणणाऱ्यानं बोल्टचं डोकं वाचलेलं नाही. सीटच्या बोल्टवर बहुधा 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असतं, तो त्याच्या ताकदीचा आकडा. दुकानात मोकळा मिळणारा साधा बोल्ट 4.6 चा असला तर त्याची ताकद 8.8 च्या निम्मी. जुनेच बोल्ट वापरले तरी भागत नाही: वायसर जेवढे जाड, तेवढे आटे आत कमी पकडतात. दहा एमएमचा बोल्ट निदान दहा एमएम तरी आत हवा. या पोट्ट्याच्या मागच्या दोन्ही बोल्टांनी तीन-तीन आटे धरले होते. मी मोजले.

पिवळी वायर. पिवळा कपलर म्हणजे एअरबॅग किंवा बेल्ट ओढून धरणारा प्रीटेन्शनर. तो काढून ठेवला तर अपघातात ते उडणारच नाहीत. तो काढलेला असताना चावी फिरवली तरी डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि स्कॅनर लावल्याशिवाय सहसा जात नाही. सीट काढायचीच असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं आणि गाडीच्या पुस्तकात दिलेली मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या युनिटमध्ये चार्ज शिल्लक असतो. व्हिडिओतल्या माणसाला यातलं काही करावं लागलं नाही, कारण त्याची गाडी 1989 साली आलेल्या पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5. तिच्या सीटमध्ये एअरबॅगही नव्हती आणि सीट वर-खाली करायचा दांडाही नव्हता. माझदानं ती भारतात विकलीही नाही. तिचा उपाय आपल्या गाडीला कशाला?

उंच बसलं की जास्त दिसतं, हे अर्धं खरं. बोनेटपुढची शेळी दिसते, कबूल. पण सव्वापाच फुटी माणूस दोन इंच वर गेला की क्लच लांब पडतो, मग तो सीट पुढे घेतो आणि छाती स्टिअरिंगजवळ जाते. एअरबॅग आणि छाती यांत 25 सेंटिमीटर, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटं, हवेत. डोकं आणि छत यांत मूठभर जागा राहते का, तेही बघा.

सुटी उशी टाकणाऱ्यांना एवढंच सांगतो: ब्रेक लागला की ती घसरते आणि बेल्ट कमरेच्या हाडावरून पोटावर चढतो.

घरी काहीच करू नका, असं मात्र मी म्हणणार नाही. आधी दाराच्या बाजूला सीटखाली हात घाला. पंपासारखा दांडा सापडला तर काम तिथंच संपलं. दोन वर्षं गाडी चालवणाऱ्या एका सरांना तो मी दाखवला, बिचारे ओशाळले. मग स्टिअरिंग वरखाली करून पाहा. तरी कमी पडलं तर सीटकव्हरवाल्याकडून गादीच्या आत इंचभर कडक फोम शिवून घ्या, सीटचे बोल्ट न उघडता.

त्या गाडीला रेल नवी लागली, बोल्ट कंपनीचे, ठरलेल्या जोरानं मोजून आवळणारा टॉर्क पाना लावून आवळले. वर इंचभर फोम. जाताना पोट्टा म्हणाला, “वायसर राहू द्या तुमच्यापाशीच.” त्यातले चार मी कूलरच्या स्टँडखाली घातले आहेत. एक पाय हलत होता.