अर्धा नंबर मोठा

धावण्यासाठी दोन पाय आणि थोडी इच्छाशक्ती एवढेच भांडवल लागते, असे सांगून ज्या शेजाऱ्यांनी मला चाळिशी उलटल्यावर या नादाला लावले, त्यांच्या स्वतःच्या घरात त्या वेळी बुटांचे अर्धा डझन जोड नांदत होते, ही बाब त्यांनी मोठ्या शिताफीने झाकून ठेवली होती. टेनिसला रॅकेट लागते, पोहायला तलाव लागतो, धावायला मात्र काहीही लागत नाही, असे ते म्हणत. एक-दोन अर्धमॅरेथॉन पदरी पडल्यावर मी मुंबई मॅरेथॉनच्या पूर्ण अंतरासाठी नाव नोंदवले आणि त्या 'काहीही नाही'ची खरेदी सुरू झाली.

पूर्ण अंतर म्हणजे 42.195 किलोमीटर. हा आकडा असा अडनिडा असण्याचे कारण असे की, 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू व्हावी आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी अशी सोय पाहिली गेली. पुढे 1921 मध्ये तेच अंतर कायमचे ठरवून टाकण्यात आले. इंग्लंडच्या राणीला नीट दिसावे म्हणून ठाण्यातल्या एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्याने पहाटे साडेचारला उठावे, यातला न्याय मला अजून कळलेला नाही.

बुटांच्या दुकानातल्या तरुणाने मला आधी ट्रेडमिलवर धावायला लावले. हे यंत्र दर्शनी काचेला लागूनच होते, त्यामुळे मॉलमध्ये केवळ वातानुकूलनासाठी आलेल्या कुटुंबांचीही करमणूक झाली. "काका, मागून व्हिडिओ काढतोय, नॅचरल धावा," असे तो म्हणाला. परक्या माणसांसमोर, परक्या बुटांत, विजेवर चालणाऱ्या पट्ट्यावर नैसर्गिक कसे धावायचे, हे त्याने सांगितले नाही. नंतर माझ्याच घोट्यांचे संथ गतीतले चित्रण दाखवून, पाऊल टेकताना ते आतल्या बाजूला प्रमाणाबाहेर कलते, असे निदान त्याने अशा गंभीर आवाजात केले की घरच्यांना बोलावून घ्यावे की काय, असे मला वाटून गेले. मग टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो मला 8 मिलिमीटर मानवेल की 10, यावर चर्चा झाली. चर्चेत माझा सहभाग मान डोलावण्यापुरता होता.

"नंबर किती, काका?"

"आठ."

"मग साडेआठ घ्या. लांब अंतराला पाय सुजतो. बोटं पुढे आपटली की नखं काळी पडतात आणि गळून जातात."

ही माहिती खरी आहे. बुटांना घोट्याजवळ जे शेवटचे जादा भोक असते, ते टाच घट्ट आवळून धरणारी गाठ मारण्यासाठी असते, हेही खरेच आहे, आणि शाळेपासून बूट घालत आलेल्या मला ते त्या दिवशी प्रथमच कळले. त्यानंतर रोजच्या सरावाचा जोड निराळा, वेगाच्या सरावाचा निराळा आणि शर्यतीचा तर अगदीच निराळा, ही वर्णव्यवस्था त्याने समजावून दिली. शर्यतीच्या बुटाच्या पोटात कार्बनची पट्टी असते आणि तिच्याभोवती इतका हलका फोम असतो की तो जोड हातात घेतल्यावर खोके रिकामे असल्याचा भास होतो. किंमत वीस हजारांच्या पुढे होती. ती ऐकून मी "दाखवा" एवढेच म्हणालो आणि त्या क्षणापासून तो मला 'सर' म्हणू लागला.

घरी ही खोकी गाडीच्या डिकीतून एकेक करून, सोयीचा मुहूर्त पाहून वर आणावी लागली. तरी सौभाग्यवतींनी विचारलेच, "अहो, तुम्हाला पाय दोनच आहेत ना?" जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने रस्त्यावरच्या शर्यतीसाठी बुटाच्या तळव्याची जाडी 40 मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली आहे, म्हणजे हा विषय किती गंभीर आहे पाहा, असे मी सांगितले. तिने कपाटातून लग्नसमारंभाच्या सँडल काढल्या, टाच पट्टीने मोजली, ती 60 भरली आणि विषय संपला.

बाबांची हरकत तात्त्विक होती. "रोमच्या ऑलिंपिकला 1960 साली तो इथिओपियाचा बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावून पहिला आला. आम्ही शाळेत होतो तेव्हा. पेपरात फोटो आला होता."

"बाबा, पण 1964 ला टोकियोत तोच बूट घालून धावला आणि तीन मिनिटं आधी पोचला."

"त्याआधी महिना-दीड महिना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. तेही करून घे मग. वेळ आणखी कमी होईल."

निवृत्त माणसाच्या वाचनाशी वाद घालू नये.

मुंबईची शर्यत जानेवारीत असते, त्यामुळे तिच्या तयारीचे पहिले महिने नेमके पावसाळ्यात येतात. परदेशातल्या तज्ज्ञांनी आखलेल्या सोळा आठवड्यांच्या वेळापत्रकांत ऊन, थंडी, वारा या सर्वांचा विचार असतो. उपवन तलावापाशी गुडघाभर साचलेल्या पाण्याचा नसतो. पेडर रोडच्या चढाचा मुंबईच्या धावपटूंत जो दरारा आहे, त्यावर उतारा म्हणून आम्ही दर रविवारी येऊरचा चढ चढत असू, आणि खाली येईपर्यंत बुटांतून प्रत्येक पावलाला पाण्याचा चुळुकचुळुक आवाज येत असे. ओले बूट उन्हात ठेवायचे तर ऊन नसते, हीटरपाशी ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो. म्हणून त्यांच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते फ्रिजच्या मागे ठेवण्याची आपली जुनी पद्धतच शेवटी खरी ठरते. तीन जोड आळीपाळीने वाळत असल्याने फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे सरकला आणि स्वयंपाकघरात वास दरवळू लागला. बोळ्यांसाठी बाबांचे वर्तमानपत्र त्यांचे वाचून होण्याआधीच नेले जाई. त्यांच्या तात्त्विक विरोधाचे मूळ बहुधा इथे असावे.

कपड्यांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण हा लेख घरातली मंडळीही वाचतील. सुती बनियन घामाने भिजले की जड होते आणि छातीच्या नाजूक भागावर कानशीसारखे फिरत राहते. वीस किलोमीटरनंतर पांढऱ्या बनियनवर जे दोन लाल ठिपके उमटतात, ते पाहून समोरून येणाऱ्या आजीबाई रस्ता बदलतात. यावर कृत्रिम धाग्याचा पातळ टी-शर्ट, चिकटपट्टी आणि पेट्रोलियम जेली असे तिहेरी उपाय आहेत. मांड्यांच्या बाबतीतही तिसरा उपायच कामी येतो. आखूड विजार, कमरेला चार छोट्या बाटल्यांचा पट्टा आणि सर्वांगाला जेलीची चकाकी अशा अवस्थेत मी लिफ्टमध्ये शिरलो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझे आपादमस्तक निरीक्षण करून अतिशय काळजीने विचारले, "पाणी गेलंय का हो आज?"

घड्याळाचे दुःख वेगळेच आहे. उपग्रहाशी संधान बांधलेले हे यंत्र वेग आणि ठोके मोजते इथवर ठीक. परंतु ते मतेही देते. रात्रीची झोप पुरेशी झाली नाही, आजचा सराव निष्फळ गेला, आता तीन दिवस विश्रांती घ्यावी, असे ते न विचारता सांगते. सौभाग्यवतींना एवढ्या खरेदीत केवळ हीच वस्तू आवडली. आपलीच मते आता दुसरे कोणीतरी सप्रमाण मांडते, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसतो.

आमच्या गटाच्या कॅप्टनचा एक कडक नियम आहे: शर्यतीच्या दिवशी नवे काहीही वापरायचे नाही, बूट, मोजे, विजार, अगदी तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास शरीरातली साखर संपत आल्यावर चोखायची ती जेलची पाकिटेसुद्धा आधी सरावात वापरलेली असावीत. नियम शहाणपणाचा आहे. फक्त शर्यतीचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, आणायला गेले की तिथेच प्रदर्शन भरलेले असते आणि बाहेर पडण्याची वाट नव्या मोज्यांच्या, नव्या चष्म्यांच्या आणि नव्या चवीच्या जेलच्या गाळ्यांमधूनच जाते.

शर्यत पार पडली. पेडर रोडवर कार्बनच्या पट्टीने आपले काम थांबवले आणि पुढचे काम रस्त्याकडेच्या एका अनोळखी बाईंनी पुढे केलेल्या मीठ लावलेल्या उकडलेल्या बटाट्याने केले. मार्गाची मोजणी वळणावळणाला सर्वांत जवळची रेघ धरून केलेली असते आणि गर्दीत ती रेघ कोणालाच सापडत नाही, म्हणून घड्याळाने अंतर जवळजवळ 43 किलोमीटर दाखवले; प्रमाणपत्र मात्र 42.195 चेच मिळाले. वरच्या अंतराची दखल कोणी घेतली नाही. "कितवा नंबर आला?" असे सोसायटीत सर्वांनी विचारले.

पुढच्याच आठवड्यात मोबाइलमधल्या अ‍ॅपने माझ्या सरावाच्या जोडाचे 700 किलोमीटर पूर्ण झाल्याचे आणि त्यातला फोम आता मेल्याचे कळवले. मी तो भंगारात देण्यासाठी दाराबाहेर काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो बाबा तोच जोड चढवून, शेवटच्या भोकातून ओढलेली गाठ न सोडता, उपवनला फेरी मारून परत येत होते.

"चांगले आहेत की रे," ते पायरीवर बसून नाड्या सोडत म्हणाले. "फक्त पुढच्या वेळी घेताना तो अर्धा नंबर वाढवू नकोस. मला सैल होतात."