सील बर्ड फ्लूचा यजमान की बळी?

"याला बर्ड फ्लू म्हणणंच आता चूक आहे," मास्तर कट्ट्यावर टेकता टेकता म्हणाले. "कोल्हे, मुंगसासारखे दिसणारे मिंक, सील, सगळ्यांना होतोय. म्हणजे सस्तन प्राणीही याचे नैसर्गिक यजमानच, विषाणूचं कायमचं घरच की!"

आमचे डॉक्टर जनावरांचे. ते लगेच उसळले. "लागण झाली म्हणून कुणी यजमान होत नाही, मास्तर! रानबदकाच्या आतड्यात हा विषाणू वाढतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो, आणि बदक बहुतेक वेळा ठणठणीत असतं. ते यजमान. कोल्हा मेलेला पक्षी खातो, विषाणू मेंदूत शिरतो, कोल्हा मरतो. साखळी तिथंच तुटली."

"आणि १९७९-८० साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर चारशेच्या वर सील न्यूमोनियानं मेले ते? एच७एन७ नावाचा फ्लूचा प्रकार होता तो, पक्ष्यांकडूनच आलेला."

"आला आणि विझला."

मी वटवाघळांचा विषय काढला. २०१२ मध्ये ग्वाटेमालातल्या वटवाघळांत एच१७एन१० सापडला, पुढच्या वर्षी पेरूमधल्या वटवाघळांत एच१८एन११. हे त्यांच्यातच नांदणारे इन्फ्लुएंझा. पण डॉक्टरांनी मला तिथंच अडवलं: पक्ष्यांचे विषाणू पेशीवरच्या सियालिक आम्ल नावाच्या साखरेसारख्या रेणूला चिकटून आत शिरतात, हे दोघं वेगळ्याच दारानं जातात. त्यांना पक्ष्यांच्या फ्लूत धरता येणार नाही. मला ते पटलं.

मास्तर मात्र हटेनात. "२०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची सतरा हजारांवर पिल्लं मेली, एच५एन१ या बर्ड फ्लूनं. ती काय पक्षी खात होती? आईच्या दुधावरची पिल्लं ती!"

यावर डॉक्टर बराच वेळ बोलले नाहीत. मलाही वाटतं, मास्तरांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच. एवढ्या पिल्लांना एकेका पक्ष्यानं गाठणं अवघड आहे, विषाणू सीलकडून सीलकडे गेला असणार. तरी माझी कसोटी एकच: पक्षी बाजूला काढले, तर तो त्या प्राण्यांत वर्षानुवर्षं टिकेल का? रानबदकांच्या बाबतीत तो टिकतो, हे आपल्याला माहीत आहे. सीलबाबत तसं दिसलेलं नाही, म्हणून मी त्यांना अजून यजमान म्हणणार नाही. पण प्रत्येक वेळी "विझला" म्हणून निर्धास्त राहणंही मला मान्य नाही. सस्तन प्राण्याच्या शरीरात वाढताना विषाणूच्या पीबी२ नावाच्या प्रथिनात ६२७ व्या जागेवरचा एक बदल वारंवार दिसतो, आणि त्यानं विषाणूला तिथं वाढणं सोपं होतं.

"म्हणजे आज नाही, पण होऊ शकतो," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी हळूच मान हलवली. "पुढच्या हंगामात वाल्देसला किती माद्या परतल्या, माहितीय? आधीपेक्षा खूपच कमी."